क्लच कुणाच्या पायाखाली

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. मला गाडी चालवायची होती ती मजा येते म्हणून. कामावर जायला नाही, भाजी आणायला नाही, रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर, म्हणूनही नाही. छप्पन्नाव्या वर्षी बाईनं असं म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग कारण विचारतात. आमच्या अभिरामनं बंगळूरहून फोनवर तेच केलं.

"आई, पण नीड काय आहे? ॲपवर दोन मिनिटांत कॅब येते."

"नीड काही नाही," मी म्हटलं. "तुझ्या त्या गिटारची काय नीड आहे?"

त्यावर पोरानं विषय बदलला. एवढं शिकवून मोठं केलं, पण मजा ही गोष्ट आईच्या नावावरसुद्धा असू शकते, हे त्याला शिकवायचं राहिलंच.

आता गाडीबद्दल. पांढरी, साधी, गिअरची गाडी, आणि ती सर्वस्वी नंदकुमारांची. नंदकुमार म्हणजे माझे मिस्टर. माणूस एरवी सरळ, पण गाडीच्या बाबतीत जहागीरदार. महाप्याच्या कंपनीत नोकरी होती तेव्हा रोज, आणि रिटायर झाल्यावर तर दिवसातून दोनदा, हा माणूस गाडी घेऊन निघायचा. हॉटेलात गेलो तर पार्किंगवाल्याच्या हातात किल्ली देणार नाहीत. रविवारी स्वतः पुसायचे आणि पुसून झाल्यावर गिअरच्या मुठीवरून एकदा हात फिरवायचे. माझ्या डोक्यावरून असा हात शेवटचा कधी फिरला होता ते मला आठवत नव्हतं, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसायचं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू काळं होत गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून झाल्यावर सांगितलं, "काका, ड्रायव्हिंग बंद." आम्ही रिक्षानं घरी आलो. नंदकुमारांनी किल्ली फ्रिजवर ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की गाडी विकायची.

"मी शिकते," मी म्हटलं.

"तू?" म्हणाले. एवढंच. पण त्या एका अक्षरानं माझं डोकं असं काही फिरलं की संध्याकाळी मी सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून आले.

शिकवायला शिवतेज नावाचा मुलगा होता. मुलगा म्हणजे तिशीतला बाप्या, दोन लेकरांचा बाप, सारसोळ्याचा. सकाळी साडेसहाला मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला जायच्या आधी तो खाली गाडी घेऊन हजर. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी मी प्रेमात पडले. गाडीच्या! स्टिअरिंग हातात आलं आणि वाटलं, हे इतकी वर्षं माझ्यापासून दडवून ठेवलं होतं! मी थोडं वळवलं की एवढं मोठं धूड वळतं. मी पाय दाबला की ते गुरगुरतं आणि धावतं. नेरूळचे तेच रस्ते, तीच गुलमोहराची झाडं, तेच स्टेशनकडे धावणारे लोक, पण सगळे माझ्याकडे सरकत येत होते आणि माझ्या हुकुमानं मागे पडत होते. घरी आल्यावर तळहातांना स्टिअरिंगच्या रेक्झिनचा वास यायचा. मी ते मुद्दाम लगेच धूत नसे. पोळ्या लाटताना गुणगुणत होते, हे मला नंदकुमारांनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं.

"काकू, तुमचा हात लय हलका हाय," शिवतेज म्हणायचा. "बगा, एकदा पन गारी बंद नाय परली."

खरंच नाही पडली. एकदाही नाही. परीक्षेलाही नाही. शाळेचीच गाडी, शेजारी शिवतेज, आणि मी अशी काही चालवली की आरटीओच्या साहेबांनी बघता बघता सही केली. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले.

नंदकुमारांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि फ्रिजवरची किल्ली काढून माझ्यासमोर धरली. "चल, दाखव."

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. तिथून वर यायला एक चढ आहे, अरुंद, मध्येच वळणारा, वळणावर गोल आरसा लावलेला. पण चढापर्यंत जायची वेळच आली नाही. मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीनं अशी उडी मारली की माझी मान मागे गेली. बंद. पुन्हा सुरू केली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर ती धापा टाकत चार-पाच वेळा ठेचकाळली आणि खांबाच्या वीतभर अलीकडे मेली. वॉचमन खुर्चीवरून उठून बघायला आला. नंदकुमार गाडीच्या बाहेर, हाताची घडी घालून उभे होते. हसले असते तर मी सहन केलं असतं. ते हसले नाहीत. त्यांनी हळूच "राहू दे" म्हटलं.

वर आल्यावर म्हणाले, "करंजाड्याचे एक गृहस्थ आहेत. रविवारी अकरा वाजता गाडी बघायला येतायत. त्यांना पसंत आहे जवळजवळ."

"रविवारी अकराच्या आत मी गाडी चढावरून वर काढली तर?"

"तर त्यांना येऊ नका म्हणून सांगेन," ते म्हणाले. लहान मुलाला चंद्र आणून देईन म्हणतात ना, त्या सुरात.

मला झोप नाही लागली. रडूही आलं. परवापर्यंत जी गोष्ट माझ्या हातापायांना येत होती ती एका दिवसात गेली कुठे? वयाचा दोष, गाडीचा दोष, नंदकुमारांच्या नजरेचा दोष, सगळे लावून पाहिले. सकाळी उठले आणि थेट शिवतेजला गाठलं. तो शाळेच्या गाडीची काच पुसत होता. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि इतक्या सहज बोलला की मी बघतच राहिले.

"आता कसा सांगू तुमाला, काकू. क्लच तं मीच दाबतो ना. माज्या बाजूला पन पेडल हायेत. क्लच पन, ब्रेक पन."

"म्हणजे कधी? अडचण आली की?"

"कायम. सगल्यांचाच. तुमी फक्त ष्टेरिंग धरायचा. नवीन मानसाच्या पायावर सोरली तं गारी बंद परते, मागचे हॉर्न मारतात, मानूस घाबरतो, दुसऱ्या दिवशी येतच नाय. असा सगले हसत घरी जातात. खुशी हाय ना? मंग?"

त्याच्या बाजूला पेडल आहेत हे मला दिसत नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी त्यानं दाखवलेही होते. पण ते संकटकाळासाठी असतात अशी माझी समजूत. ट्रेनमधली साखळी कुणी येता-जाता ओढतं का? मी मात्र तीन आठवडे त्याच्या पायावर नाचत होते. सिग्नलला किती झोकात थांबले, मी नाही, त्याचा पाय. कशी अलगद निघाले, तोही त्याचा पाय. तो पोळ्या लाटतानाचा आनंद, तो मात्र माझा होता, शंभर टक्के खरा होता, आणि तो उभा होता दुसऱ्याच्या बुटावर. मला शिवतेजच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

त्याऐवजी मी गाडीत जाऊन बसले. "ये इकडे. बस तुझ्या जागेवर."

तो बसला.

"आता मांडी घाल."

"काय?"

"सीटवर मांडी घाल. दोन्ही पाय वर. आणि हात मांडीवर."

"काकू, गारी मालकाची हाय!"

"आणि तीन आठवडे शिष्या तुझी होते. घाल मांडी."

शिवतेजनं बूट काढले आणि जेवायला बसल्यासारखी मांडी घातली. मीही चपला काढून मागच्या सीटवर फेकल्या. रस्ता सारसोळ्याच्या जेट्टीकडे जाणारा, सकाळचा मोकळा. मी क्लच दाबला आणि अनवाणी पायाला पेडलचं गार, खरखरीत रबर लागलं. पायात चप्पल असताना हे कधी कळलंच नव्हतं. गिअर टाकला. क्लच सोडला. बंद! पुन्हा. बंद! तिसऱ्यांदाही बंद! मागून एका रिक्षावाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली. मी हात बाहेर काढून त्याला जा म्हटलं.

मग मी डोळे रस्त्यावर ठेवले आणि लक्ष सगळं तळपायात नेलं. पाय हळूहळू वर येऊ दिला. काही नाही. आणखी थोडा. काही नाही. आणि मग एका जागी, अगदी एकाच जागी, चवड्याखाली बारीक थरथर आली. ती टाचेत गेली, टाचेतून पोटरीत चढली. इंजिनाचा आवाज खाली बसला, बोनेट किंचित वर झालं. दूध वर यायच्या आधी पातेल्याच्या कडेला जी हालचाल होते, ती गॅसपाशी उभ्या असलेल्या बाईला पाठमोरी असतानाही कळते. तसंच कळलं मला. मी पाय तिथेच धरला. गाडी सरकली. उडी नाही, धाप नाही. नुसती सरकली!

"शिवतेज!" मी ओरडले. "ही मी आहे का?"

"तुमीच, तुमीच! माजी तं मांडी हाय!" तो ओरडला. एका डोळ्यानं रस्ता आणि दुसऱ्यानं माझा पाय बघत होता, आणि तोंडानं एकविरा आईचा धावा चालू होता.

मी मुद्दाम थांबवली. पुन्हा काढली. पुन्हा थांबवली. सरळ रस्त्यावर, कारण नसताना, दहादा. दर वेळी ती थरथर त्याच जागी माझी वाट बघत होती. शेवटी शेवटी तर मी गाडी त्या जागेवर नुसती रोखून धरली, जातेय असंही नाही, थांबलीय असंही नाही, सगळी ताकद माझ्या चवड्याखाली तयार, आणि मी म्हणेन तेव्हाच सुटणार. अंगावर काटा आला. आयुष्यात माझ्या म्हणण्यावर अडून राहिलेलं दुसरं काय होतं? नोकरीत नाही, घरात नाही. मी मोठ्यानं हसत सुटले. शिवतेजही हसायला लागला, आणि मांडी मोडायची परवानगी मागू लागला.

शुक्रवार, शनिवार मी त्याला तसाच बसवला. तिसऱ्या दिवशी तो घरून छोटी उशी घेऊन आला होता.

रविवारी सकाळी सात वाजता मी किल्ली उचलली. नंदकुमार फडकं आणि पाण्याची बादली घेऊन आधीच खाली गेले होते, गृहस्थ यायच्या आधी गाडी शेवटची पुसायला. मी अनवाणीच गाडीत बसले आणि शेजारचं दार आतून उघडलं.

"बसा."

"अगं, ओली आहे अजून."

"बसा म्हटलं ना."

ते मागचं दार उघडायला लागले. लायसन्स गेल्यापासून, म्हणजे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापासून, कुणाच्याही गाडीत ते मागेच बसायचे. पुढे बसवत नाही म्हणायचे, पाय आखडतो म्हणायचे. मी मागचं दार लॉक केलं. मग ते नाइलाजानं पुढे, डावीकडच्या सीटवर आले, पट्टा लावला आणि वरची मूठ घट्ट धरली.

गाडी निघाली. ठेचकाळली नाही. नंदकुमारांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. खांब गेला, वॉचमन गेला. मी चढाला लागले, वळणावरच्या आरशात आमची पांढरी गाडी येताना दिसली आणि मला इतका अभिमान वाटला! तेवढ्यात वर, अगदी तोंडाशी, पाण्याचे जार आणणारा टेम्पो आडवा येऊन उभा राहिला. मला अर्ध्या चढावर थांबावं लागलं. मागे दुसरी गाडी येऊन चिकटली.

खर्रकन आवाज झाला. नंदकुमारांनी हँडब्रेक ओढला होता.

"हात काढा," मी म्हटलं.

"गाडी मागे जाईल, सरोज. मागे कुणीतरी आहे."

"तुमचा हात काढा!" माझा आवाज चांगलाच चढला. वॉचमन उभा राहिला. "तीन आठवडे दुसऱ्याच्या पायावर चालवलीय मी. आता कुणाचा हात नकोय मला, पाय नकोय. मागे गेली तर माझ्या हातून जाऊ दे."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. टेम्पो हलला. मी क्लच सोडत आणला, सोडत आणला, ती थरथर आली, पोटरीत चढली, आणि मी हँडब्रेक खाली टाकला. गाडी चढावर टांगून राहिली. एक बोट पुढे नाही, एक बोट मागे नाही. मागचा हॉर्न वाजवत होता. मला निघता येत होतं तरी मी एक क्षण तशीच राहिले, कारण तो क्षण माझा होता आणि मला हवा होता. मग ॲक्सिलरेटर दिला आणि आम्ही उन्हात वर आलो.

"येय!" मी ओरडले. छप्पन्न वर्षांची बाई, गेटवर, लोकांदेखत. ओरडले म्हणजे ओरडले.

पाम बीच रोडला दुसरा, तिसरा, चौथा. खिडकी उघडी, खाडीचा खारट वारा आत, स्टिअरिंग हातांत हलकं होत चाललेलं. मी काय काय बडबडत होते कोण जाणे. बघा, कशी धावते! बघा, पायाचा नुसता अंगठा दाबला तर कळतं तिला! शेजारून उत्तर नाही. मला राग आला. निदान ठीक आहे म्हणा, बाबा. सिग्नलला वेग कमी करताना मी क्लच दाबला आणि रागानंच त्यांच्याकडे वळून पाहिलं.

त्यांचा डावा हात दाराकडे होता. दारापाशी, सीटच्या कडेला, जिथे काहीच नाही, तिथे त्यांचा हात हवेत मूठ करून खाली आला. तिसऱ्यातून दुसरा. सिग्नल सुटला, मी निघाले, क्लच दाबला, तो हात वर गेला. तिसरा. माझ्या पायाबरोबर, अगदी त्याच क्षणी. इतकी वर्षं डाव्या हातानं गिअर टाकलेला माणूस. त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की आता तिथे काही नाही. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं.

माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी गाडी सानपाड्याच्या आतल्या एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर घेतली आणि कडेला थांबवली. त्यांना वाटलं माझं काही चुकलं.

"चांगली चालवतेस," ते म्हणाले. मग काचेतून समोर बघत म्हणाले, "चढाचं मी मुद्दाम कबूल केलं होतं. तुला जमणार नाही म्हणून. मला विकायचीच होती ती. मला इथे बसवत नाही गं. आवाज ऐकू येतो, खाली ती हलते, सगळं अंगाला कळतं आणि करायला काही नाही. दारात उभी असती, तर रोज खाली जाऊन..."

आता मला खरं सांगायला हवं. माझ्या मनात आलं की नको. तीन आठवडे फसले, तीन दिवसांपूर्वी कुठे क्लच माझ्या पायाखाली आला, अर्ध्या तासापूर्वी मी या माणसाचा हात झटकला, आणि आता पुन्हा वाटणी? मला सगळीच्या सगळी हवी होती. अजूनही हवी आहे. पण तो हवेतला हात मी पाहिला होता.

"उजवा हात ठेवा गिअरवर," मी म्हटलं.

"काय?"

"उजवा. मी सांगेन तेव्हाच टाकायचा. माझा पाय खाली गेल्याशिवाय नाही."

त्यांनी मुठीवर हात ठेवला. मी पहिल्यावर गाडी काढली, थोडी धावू दिली. त्यांनी घाईनं गिअर ओढला, माझा पाय अजून वरच होता, आणि खालून असा कर्रकर्र आवाज आला की बाजूच्या झाडावरचे कावळे उडाले.

"थांबा हो!" मी ओरडले. "माझ्यासाठी थांबा!"

"हो, हो, थांबतो," ते म्हणाले, आणि हसले. कितीतरी दिवसांनी. उजवा हात त्यांना अगदी नवखा होता, मुठीवर नुसता चाचपडत होता. या माणसाला माझ्यासाठी थांबताना मी पहिल्यांदाच बघत होते. हॉटेलात, लग्नात, रस्त्यावर, कायम चार पावलं पुढे.

मी क्लच दाबला. "आता."

दुसरा गिअर लोण्यासारखा बसला.

"आता."

तिसरा. त्यांचा तळहात मुठीवर, मूठ थरथरतेय, आणि तीच थरथर माझ्या तळपायात. मला ती कळत होती, त्यांनाही कळत होती, आणि दोघांनाही ती एकमेकांना सांगायची गरज नव्हती. मी वेग वाढवला. तेवढ्यात डॅशबोर्डवर ठेवलेला त्यांचा फोन वाजू लागला. करंजाड्याच्या गृहस्थांचं नाव. लवकर निघाले असावेत.

"अहो, फोन," मी म्हटलं.

नंदकुमारांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर माझ्या डाव्या पायावर, हात मुठीवर, पुढच्या "आता"ची वाट बघत.

"वाजू दे," ते म्हणाले. "माझा हात मोकळा नाहीये."